सामना आमचा, मैदान परमुलखात

मंडळी, समजा तुमच्या गावचा कबड्डीचा संघ शाळेच्या पटांगणात खेळत खेळत वर आला. तालुका मारला, जिल्हा मारला आणि कधी नव्हे तो मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. गावात पेढे वाटले गेले. दोन ट्रॅक्स आणि चार जीपगाड्या सांगून झाल्या, म्हाताऱ्यांनी सुद्धा फेटे काढून ठेवले. आणि कमिटीने सांगितलं, अंतिम सामना सौदी अरेबियात रियाधला आहे, बघायला यायचं असेल तर पासपोर्ट काढा. तुम्ही काय कराल? आधी हसाल. मग खरंच तसं आहे म्हटल्यावर कमिटीच्या दारात जाऊन बसाल.

मेघालयातल्या फुटबॉलवेड्या लोकांच्या वाट्याला २०२३ साली नेमकं हेच आलं. संतोष ट्रॉफी ही आपल्या देशातली राज्याराज्यांची फुटबॉल स्पर्धा. १९४१ पासून चालत आलेली. राज्यांचे संघ असतात, शिवाय रेल्वे आणि सेनादल. क्रिकेटमध्ये रणजीचा जो मान, तो फुटबॉलमध्ये संतोष ट्रॉफीचा. कोल्हापूरच्या पेठांमध्ये आणि तालमींत फुटबॉल कसा मुरलेला आहे ते या पानाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या पोरांना महाराष्ट्राचा अंगरखा अंगावर चढवायची ही जागा. महाराष्ट्राने ही ट्रॉफी शेवटची जिंकली ती १९९९-२००० च्या हंगामात.

तर २०२३ च्या फेब्रुवारीत मुख्य फेरीचे गटसामने भुवनेश्वरला झाले. महाराष्ट्र आणि गोवा हे दोन्ही संघ तिथवर पोचले होते, पण पुढे सरकले नाहीत. पंजाब, सेनादल, कर्नाटक आणि मेघालय असे चार संघ उपांत्य फेरीत गेले. आणि हे चार संघ विमानात बसून रियाधला रवाना झाले. उपांत्य सामने तिथे, तिसऱ्या क्रमांकाचा सामना तिथे आणि ४ मार्च २०२३ चा अंतिम सामनाही तिथेच, किंग फहद स्टेडियमवर. कर्नाटकाने मेघालयाला ३-२ असं हरवलं.

आता जरा बारकाईने बघा. मेघालय या स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलं होतं. शिलाँग हे असं गाव आहे की तिथे फुटबॉल म्हटलं की दुकानं बंद होतात. त्यांच्या संघाचा पहिला अंतिम सामना, आणि तो बघायला शिलाँगचा माणूस नाही. दुसरीकडे कर्नाटक. हे राज्य म्हैसूर या नावाने खेळत असताना १९६८-६९ साली जिंकलं होतं. त्यानंतर ५४ वर्षांनी करंडक आला. ज्याने पोरपणी तो जुना विजय पाहिला असेल, त्याला नातवाला खांद्यावर घेऊन दुसरा बघायचा होता. त्याच्या हातात मोबाईलचा पडदा आला. साठ-पासष्ट हजार माणूस बसेल एवढं ते स्टेडियम, आणि त्या मानाने बघायला माणसं मूठभर. ट्रॉफी उंचावली गेली ती रिकाम्या खुर्च्यांसमोर.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर एकतर्फीपणाचा ठपका यायचा. महासंघाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सौदी फुटबॉल संघटनेशी सामंजस्य करार केला. म्हणणं असं, की संतोष ट्रॉफीकडे कुणी बघत नाही, तिला झळाळी यावी, राज्यांच्या पोरांना परदेशातल्या मोठ्या मैदानावर खेळायचा अनुभव मिळावा. सौदीत वीस लाखांहून जास्त भारतीय कामाला आहेत, तेही बघायला येतील. यातलं काही अगदीच खोटं नाही. राज्य संघातली कितीतरी पोरं साध्या घरची. कुणी पोलिसात, कुणी बँकेत, कुणी अजून कॉलेजात. त्यांतल्या पुष्कळांना रियाधचं मैदान हे आयुष्यभर सांगायची गोष्ट झालं असेल. त्यांच्या आनंदावर आम्ही विरजण घालणार नाही.

पण गणित चुकलं ते प्रेक्षकाचं. सौदीतल्या मल्याळी माणसांची संख्या फार मोठी, आणि केरळ आदल्या वर्षीचं विजेतं. केरळ आलं असतं तर गर्दी झाली असती, असं म्हणता येईल. केरळ भुवनेश्वरलाच बाद झालं. मग रियाधमध्ये मेघालयसाठी घसा कोण कोरडा करणार? जागा आधी ठरली, आणि तिथे कोण खेळणार ते नंतर ठरलं. पाऊस कुठे पडणार ते न बघता धरण बांधायचं, तसला हा प्रकार.

पाळी ठरलेली असावी

तुम्ही कालव्याचं पाणी घेता, म्हणून हा विषय तुम्हाला फुटबॉल न खेळताही कळेल. पाण्याची पाळी लागते तेव्हा भांडण पाण्याच्या मापापेक्षा क्रमाचं असतं. हेडचा शेतकरी पाट फोडून घेतो आणि टेलच्या माणसाच्या रानात नुसती ओल येते. म्हणून तर शेपटाकडून सुरुवात करायची, टेल टू हेड, असा नियम करावा लागला. तो पाळला जातो की नाही, हा वेगळा विषय. पण नियम आहे, आणि तो कागदावर आहे, म्हणून टेलच्या शेतकऱ्याला पाटकऱ्यापुढे उभं राहून बोलता तरी येतं.

सामन्यांच्या जागेचं तसंच आहे. एवढा मोठा देश, कुणाला तरी लांब पडणारच. २०१७ साली संतोष ट्रॉफीची मुख्य फेरी गोव्यात झाली. बांबोळीच्या मैदानावर अंतिम सामन्यात खुद्द गोवा होता, समोर बंगाल. जादा वेळेच्या अगदी शेवटी बंगालने एकमेव गोल केला आणि गोव्याचे लोक हिरमुसून घरी गेले. पण घरी गेले, हे महत्त्वाचं. स्कूटरवर गेले, बसने गेले, रात्री जेवायला घरी पोचले.

मग २०२४ च्या मार्चमध्ये गोवा पुन्हा अंतिम फेरीत आला. या खेपेला मैदान अरुणाचल प्रदेशात युपिया गावी, इटानगरजवळ. गोवेकराने तिथे जायचं म्हणजे देशाचं एक टोक सोडून दुसरं टोक गाठायचं, आणि वर अरुणाचलात शिरायला इनर लाईन परमिट हा सरकारी परवानाही काढायचा. ९ मार्चला सेनादलाने गोव्याला १-० असं हरवलं. गोव्यातून किती लोक गेले असतील, तुम्हीच अंदाज करा.

तरीसुद्धा युपियाबद्दल आमची तक्रार नाही. ईशान्येकडच्या माणसाने बहुतेक वेळा दिल्ली, कोलकाता, केरळ, गोवा असे सामने लांबूनच ऐकले. त्यांच्या दारात एकदा पाणी गेलं तर हेडच्या माणसाने कुरकुर करू नये. ही पाळी आहे आणि पाळीत आज तुझं, उद्या माझं असतं. रियाधची गोष्ट निराळी. ते पाणी लाभक्षेत्राच्या बाहेर सोडलं. तिथल्या पाळीचा फायदा ना हेडला ना टेलला.

आता ज्या रानाला खरी तहान आहे तिथे पाणी सोडलं की काय होतं, तेही पाहू. रियाधच्या एक वर्ष आधी, म्हणजे २०२२ साली, संतोष ट्रॉफीची मुख्य फेरी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात झाली. मलप्पुरम म्हणजे काय चीज आहे ते थोडं सांगायला पाहिजे. हा जिल्हा सात-सात गड्यांच्या फुटबॉलसाठी प्रसिद्ध. त्याला तिकडे सेव्हन्स म्हणतात. भाताची कापणी झाली की मोकळ्या खाचरात मैदान आखायचं, बांबू आणि सुपारीच्या खोडांची गॅलरी उभी करायची, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने लावायचे. आपल्याकडे माळावर कुस्त्यांचं मैदान भरतं, त्याचा हा चुलतभाऊ. आखाती देशांत कामाला गेलेली माणसं सुट्टी काढून या सामन्यांना येतात.

तर त्या मलप्पुरममध्ये मंजेरीजवळच्या पय्यनाड स्टेडियमवर २ मे २०२२ ला अंतिम सामना झाला. केरळ आणि बंगाल. रमजानचा महिना, दुसऱ्या दिवशी ईद. उन्हाचा आणि रोज्याचा विचार करून सामना रात्री आठला ठेवला होता. लोकांनी रोजा सोडला, नमाज झाली आणि माणसांचे लोट मैदानाकडे निघाले. पंचवीस हजारांच्या वर प्रेक्षक. जादा वेळेनंतर १-१ बरोबरी, मग टायब्रेकरवर केरळ ५-४ असं जिंकलं आणि लोकांची ईद आदल्या रात्रीच सुरू झाली. हीच ती संतोष ट्रॉफी, जिच्याकडे म्हणे कुणी बघत नाही! दहा महिन्यांत स्पर्धा तीच राहिली, चषक तोच राहिला. जागा आणि वेळ ठरवताना मलप्पुरमला प्रेक्षकाची सोय बघितली होती.

मैदान हलवलं, माणसं उरली

कधीकधी मैदान लांब नेण्याचं कारण पैसा नसतो, बंदोबस्त असतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ड्युरँड कप चालू होता. ही देशातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा, १८८८ साली सिमल्याला सुरू झालेली. पुढे ती कैक वर्षं दिल्लीत राहिली आणि २०१९ पासून बंगालकडे गेली. १८ ऑगस्टला कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना ठरलेला. या दोन संघांचा सामना म्हणजे आपल्याकडे दोन नामांकित तालमींचा सामना घ्या आणि त्याला हजाराने गुणा.

त्याच महिन्यात ९ तारखेला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. सगळं शहर रस्त्यावर होतं. दोन्ही संघांचे समर्थक गॅलरीत न्यायाची मागणी करणार, अशी चर्चा होती. पुरेसे पोलीस देता येत नाहीत, असं कारण पुढे आलं आणि आदल्या दिवशी सामना रद्द झाला. दोन्ही संघांना एकेक गुण. एवढ्यावर न थांबता कोलकात्यातले पुढचे सामनेही बाहेर गेले. मोहन बागानचा उपांत्यपूर्व सामना जमशेदपूरला, ईस्ट बंगालचा शिलाँगला. शिलाँगला तर समोर शिलाँग लाजाँग, म्हणजे यजमानच. ईस्ट बंगाल हरला. मैदान बदललं नसतं तर जिंकला असता, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण समर्थकाच्या मनात हे कायमचं राहिलं.

पण आम्हाला जास्त सांगायचं आहे ते १८ तारखेच्या संध्याकाळचं. सामना नव्हता, तरी लोक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले. एरवी एकमेकांच्या अंगावर जाणारे मोहन बागानवाले आणि ईस्ट बंगालवाले एकाच रस्त्यावर, आणि त्यांच्यात मोहमेडन स्पोर्टिंगचेही. त्यांना आवरायला पोलिसांचा मोठा ताफा आला, लाठ्याही चालल्या. लोकांचा सवाल सरळ होता: आम्हाला हाकलायला एवढे पोलीस मिळतात, तर सामन्याला का मिळाले नाहीत? हा सवाल आम्हाला बिनतोड वाटतो. शेवटी उपांत्य फेरीला सामना कोलकात्यात परत आला आणि ३१ ऑगस्टचा अंतिम सामनाही तिथेच झाला. नॉर्थईस्ट युनायटेडने टायब्रेकरवर मोहन बागानला हरवलं. दहा दिवसांत मैदान गेलंही आणि आलंही. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

विलायतेतलं एक जुनं दुःख

इथवर वाचून कुणी म्हणेल, बुवा, हे सगळं हौशीचं दुखणं आहे. सामना बघायला मिळाला नाही म्हणून कुणाची चूल विझत नाही. म्हणून आता इंग्लंडची एक हकीकत सांगतो. जागेची आणि जागेच्या वाटपाची चूक कुठवर नेते, ते त्यात दिसेल.

इंग्लंडच्या एफ. ए. कपमध्ये उपांत्य सामना तटस्थ मैदानावर खेळवायची रीत जुनी. ना तुझं घर, ना माझं. १५ एप्रिल १९८९ ला लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना शेफिल्ड शहरातल्या हिल्सबरो मैदानावर ठेवला. मैदान सुमारे ५४ हजारांचं. लिव्हरपूलच्या घरच्या सामन्यांना फॉरेस्टपेक्षा कितीतरी जास्त गर्दी व्हायची, हे जगजाहीर होतं. तरीही लिव्हरपूलला सुमारे २४ हजार तिकिटं आणि फॉरेस्टला त्याहून पाच-सहा हजार जास्त. कारण काय, तर दोन्हीकडचे लोक ज्या दिशेने येतील त्या दिशेची बाजू त्यांना दिली, की रस्त्यात गाठ पडून मारामारी नको. पोलिसांच्या सोयीचं होतं ते. लिव्हरपूल क्लबने आधीच नाराजी कळवली होती. उपयोग झाला नाही.

लिव्हरपूलवाल्यांना मिळाली लेपिंग्ज लेन नावाची बाजू. तिथे उभ्याने बघायच्या जागेची १० हजार १०० तिकिटं आणि तेवढ्या माणसांना आत सोडायला फिरती फाटकं फक्त सात. बैल बाजारात सात माणसांच्या अंतराने गुरं सोडतानासुद्धा आपण जास्त दावणी ठेवतो. बाहेर चेंगराचेंगरी व्हायला लागली. पोलिसांनी बाहेर जाण्याचं मोठं दार उघडायला सांगितलं. लोंढा आत शिरला तो सरळ बोगद्यातून मधल्या, आधीच गच्च भरलेल्या कप्प्यांत. बोगद्याचं तोंड कुणी बंद केलं नाही. पुढे मैदानाच्या बाजूला लोखंडी जाळी, मागून रेटा. सामना सहा मिनिटांत थांबला. ९७ जीव गेले. त्यात दहा वर्षांचा मुलगाही होता. सत्याण्णवावा माणूस तर २०२१ साली गेला, त्या दिवशीच्या इजेमुळेच.

मुख्य दोष पोलीस बंदोबस्ताचा, हे चौकशीत ठरलं. पण पुढे कितीतरी वर्षं दोष प्रेक्षकांवरच ढकलला गेला. दारू पिऊन आले, तिकिटाविना घुसले, असं छापून आलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्युरीने निर्णय दिला, की हे मृत्यू बेकायदा मनुष्यवध आहेत आणि प्रेक्षकांचा त्यात काही दोष नाही. २७ वर्षं लागली. आणि मंडळी, त्याच लेपिंग्ज लेनच्या बाजूला १९८१ च्या उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी होऊन ३८ जण जखमी झाले होते. म्हणजे इशारा मिळालेला होता. मधली काही वर्षं तिथे उपांत्य सामना दिला नाही, आणि १९८७ पासून पुन्हा दिला.

आपल्याकडे हे होणार नाही, असं समजू नका. वर ज्या मलप्पुरमचं कौतुक केलं, तिथेच मार्च २०२२ मध्ये एका सेव्हन्स सामन्याला बांबूची गॅलरी भरगच्च प्रेक्षकांसह कोसळली आणि कितीतरी माणसं जखमी झाली. जवळचं मैदान म्हणजे आपोआप बरं मैदान, असं नव्हे.

लांबचंच हवं, असंही होतं

इंग्लंडचीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण प्रेक्षकाला नुसतं जवळचं हवं असतं हा समज तिने खोटा पडतो. १९९३ साली शेफिल्ड शहरातलेच दोन संघ, वेन्सडे आणि युनायटेड, उपांत्य फेरीत आमनेसामने आले. संघटनेने सामना शेजारच्या लीड्सला ठेवला. तासाभराचा रस्ता, पोळी-भाजी बांधून जाऊन यावं असा. तर लोक खवळले! का? दुसरा उपांत्य सामना लंडनच्या दोन संघांचा होता आणि तो थेट वेम्बलीच्या मोठ्या मैदानावर दिला होता. लंडनवाल्यांना वेम्बली आणि आम्हाला लीड्स, हा दुजाभाव का? ओरड इतकी झाली की सामना वेम्बलीला हलवावा लागला. ७५ हजारांवर लोक शेफिल्डहून उठून लंडनला गेले, आणि हौसेने गेले. मानाचं पान सगळ्यांना सारखं वाढलं, की माणूस भाडं मोजायला कुरकुरत नाही.

पुढे २००८ पासून सगळेच उपांत्य सामने वेम्बलीला व्हायला लागले. नवं वेम्बली बांधायला अफाट खर्च झाला होता आणि तो भरून काढायला सामने हवे होते, हे उघड आहे. मग २०२२ च्या ईस्टरच्या सुट्टीत मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल यांची गाठ पडली. दोन्ही गावं वायव्येकडची, एकमेकांपासून मुंबई-कर्जतइतकीही लांब नाहीत. सामना मात्र सव्वातीनशे किलोमीटरवर लंडनला. आणि नेमकं त्याच चार दिवसांत रेल्वेचं दुरुस्तीचं काम, लंडनला थेट गाडीच नाही! दोन्ही शहरांच्या महापौरांनी मिळून संघटनेला पत्र लिहिलं, की जागा बदला. जागा बदलली नाही. संघटनेने शंभर मोफत बसगाड्या सोडल्या, सुमारे पाच हजार माणसांची सोय झाली. बाकीच्यांनी आपापली वाट शोधली. शंभर बस कमीच पडल्या, पण मागणी केल्यावर निदान तेवढ्या तरी निघाल्या, याची नोंद ठेवावी.

बाकी युरोपातले नमुने भरपूर आहेत. २०१९ साली युरोपा लीगचा अंतिम सामना लंडनच्याच दोन संघांत, आर्सेनल आणि चेल्सीत, आणि मैदान अझरबैजानमधल्या बाकूला. स्टेडियम ६८ हजारांचं, दोन्ही संघांच्या समर्थकांना तिकिटं सहा-सहा हजार. स्पेनचा सुपर कप २०२० पासून सौदीला जायला लागला. आणि २०१८ साली दक्षिण अमेरिकेच्या लिबर्टाडोरेस कपचा अंतिम सामना, जो अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या दोन संघांचा होता, तो दंगलीमुळे माद्रिदला नेला. त्या कपाचं नावच मुळी स्पेनच्या राज्यातून अमेरिका सोडवणाऱ्या वीरांवरून पडलेलं. शिवरायांच्या नावाच्या स्पर्धेची फायनल आग्र्याच्या किल्ल्यात भरवण्यासारखं झालं हे.

विचारायचं कुणाला

हे सगळं ठरवतं कोण? आपल्याकडचं बघा. महासंघाच्या २०२२ च्या निवडणुकीत मत होतं राज्य संघटनांच्या प्रतिनिधींना. २ सप्टेंबर २०२२ ला अध्यक्षपदाची निवडणूक झाली, कल्याण चौबे ३३ विरुद्ध १ मताने निवडून आले, समोर बायचुंग भुतियासारखा नावाजलेला खेळाडू असून. चौतीस मतांत देशाच्या फुटबॉलचा कारभार ठरला. साखर कारखान्याचा साधा सभासद असला, तरी त्याला वार्षिक सभेत उठून चेअरमनला चार शब्द सुनावता येतात, अहवालाची प्रत मागता येते. तिकीट काढून पावसात उभा राहणारा प्रेक्षक कुठल्याच सभेचा सभासद नाही. त्याला निर्णय कळतो तो पेपरातून.

म्हणून आमचं म्हणणं थोडकं आहे. मोठ्या स्पर्धेची मैदानं हंगामाच्या आधी जाहीर व्हावीत आणि पुढच्या तीन-चार वर्षांची पाळी कुठल्या विभागाची, ते कागदावर यावं. तिकिटांचं वाटप संघामागच्या माणसांच्या संख्येवरून व्हावं, कुणाची बाजू कुठल्या रस्त्याला लागते यावरून नव्हे. सामना परक्या गावी असेल, तर शेवटची गाडी किती वाजता सुटते ते बघून वेळ लावावी. यातलं एकही काम पैशाअभावी अडणारं नाही.

आणि हे दिल्लीतल्या लोकांनाच सांगावं असंही नाही. सरपंच मंडळी, ग्रामसेवक भाऊसाहेब, क्रीडाशिक्षक, तुमच्या तालुक्यात येत्या हिवाळ्यात स्पर्धा भरतीलच. कबड्डी असो, खो-खो असो, फुटबॉल असो. तालुका क्रीडा संकुल सोयीचं असतं, मान्य. पण मुलींचा अंतिम सामना संध्याकाळी पाचला लावला आणि वाडीवस्तीवरची शेवटची एस.टी. साडेपाचला असली, तर त्या मुलींचे आईबाप कसे येणार आणि मुली घरी कशा जाणार? लाकडाची, बांबूची गॅलरी उभारणार असाल, तर ती किती माणसं पेलेल हे मांडववाल्याकडून नव्हे, बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडून लिहून घ्या. आत यायला एक दार आणि बाहेर पडायलाही तेच एक दार, असं मैदान आम्ही या जिल्ह्यात बरंच पाहिलं आहे. आदल्या दिवशी कुदळ लावून कंपाऊंडला दुसरी वाट पाडायला दोन गडी आणि अर्धा दिवस पुरतो.

संतोष ट्रॉफीचं सांगायचं राहिलं. रियाधनंतर ती देशात परतली. युपियाला झाली, मग हैदराबादला. ३१ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी हैदराबादमध्ये बंगालने केरळला शेवटच्या क्षणाच्या एका गोलाने हरवलं. बंगालची ही तेहतिसावी ट्रॉफी. मैदान दोघांनाही लांबच होतं. पण कोलकात्याहून आणि केरळातून हैदराबादला रेल्वे जाते, आणि तिकीट खिडकीवर पासपोर्ट कुणी मागत नाही.